छताखालचे मैदान, उन्हातली हरळी : ग्लेनडेलच्या स्टेट फार्म स्टेडियमचे परीक्षण

स्टेडियम पाहायला गेलेल्या माणसाला सर्वांत आधी मैदान पाहायचे असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्सला लागून असलेल्या ग्लेनडेल येथील स्टेट फार्म स्टेडियममध्ये मात्र आपण मार्गदर्शकाबरोबर खालच्या पातळीवर उतरतो, रुंद बोळातून आत शिरतो आणि मैदानाच्या जागी करड्या काँक्रीटची प्रचंड फरशी पाहून थबकतो. त्रेसष्ट हजारांवर खुर्च्या त्या मोकळ्या फरशीकडे तोंड करून बसलेल्या असतात. सामन्याचा दिवस नसेल तर मैदान बहुतेकदा तिथे नसतेच. ते एका टोकाच्या भिंतीखालून निघून बाहेर उन्हात जाऊन पडलेले असते.

मी या स्टेडियममध्ये दोनदा गेले आहे : एकदा सप्टेंबरमध्ये कार्डिनल्स संघाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहायला, आणि एकदा तासगावहून आमच्याकडे राहायला आलेल्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, सहलीसाठी घेऊन. खाद्यपदार्थ, खुर्च्यांची ऐसपैसता, पडद्यांचा आकार यांविषयी इतरांनी भरपूर लिहिलेले आहे, त्यामुळे ते सर्व मी बाजूला ठेवते. छत असलेल्या स्टेडियममध्ये खरे गवत वाढवावे की कृत्रिम गवत अंथरून मोकळे व्हावे, या जुन्या प्रश्नाला या वास्तूने दिलेले उत्तर कितपत खरे उतरते, एवढेच मला पाहायचे होते.

ते उत्तर आधी जरा जवळून पाहू. हे मैदान म्हणजे सुमारे १२३ मीटर लांब, ७१ मीटर रुंद आणि जेमतेम मीटरभर खोल असा एकच अखंड ट्रे आहे. त्यात वाळूमाती, गवत, पाणी देण्याच्या नळ्या आणि निचऱ्याची सोय असे सगळे भरलेले असून त्याचे एकूण वजन साडेआठ हजार टनांच्या घरात, म्हणजे सुमारे ८५ लाख किलो, जाते. ट्रेखाली १३ रूळ आणि ५४६ पोलादी चाके आहेत. बाहेरून आत किंवा आतून बाहेर असा सव्वादोनशे मीटरचा प्रवास करायला त्याला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. हा वेग मिनिटाला तीन-साडेतीन मीटर पडतो; रांगणारे मूलही त्याच्यापुढे निघून जाईल. अण्णांना गवतापेक्षा या हिशेबात अधिक रस होता. दोन एकरांहून अधिक रान ढकलायला मोटर किती अश्वशक्तीची लावली आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न. एकूण ७६ चाकांना प्रत्येकी एक अश्वशक्तीची विजेची मोटर आहे, असे मी सांगितल्यावर ते क्षणभर थांबले. आमच्या विहिरीवरचा पंप पाच अश्वशक्तीचा आहे.

“म्हणजे आपल्या पंधरा विहिरी,” ते म्हणाले. “जास्त नाही मग.”

नंतर त्यांनी कठड्याशी वाकून गवताकडे नीट पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. “अगं, ही हरळी आहे!”

ते चुकले नव्हते. इंग्रजीत जिला बर्म्युडा गवत म्हणतात ती आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. २००६ मध्ये हे स्टेडियम उघडले तेव्हा ट्रेमध्ये जी जात लावली होती तिचे नाव टिफवे ४१९. हरळी आणि तिची एक आफ्रिकी बहीण यांच्या संकरातून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथील संशोधन केंद्रात ही जात तयार झाली आणि १९६० मध्ये ती प्रसारित करण्यात आली. तिला बी धरत नाही. कांड्या लावून किंवा तयार गवताच्या गुंडाळ्या अंथरूनच ती वाढवावी लागते. पाने बारीक, वीण दाट, आणि पायाखाली तुडवली गेली तरी आडव्या धावणाऱ्या कांड्यांनी पुन्हा भरून येण्याची ताकद मोठी. म्हणून खेळाच्या मैदानांवर तिला मान आहे. ज्या वनस्पतीला आयुष्यभर कुदळीने खणून बांधावर फेकले तिच्यासाठी कोणी रूळ घालील, हे पचवायला अण्णांना जेवणापर्यंतचा वेळ लागला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे समजण्यासाठी ह्यूस्टनला जावे लागते. तिथले ॲस्ट्रोडोम हे पूर्ण छप्पर असलेले पहिले मोठे क्रीडागार एप्रिल १९६५ मध्ये सुरू झाले. ह्यूस्टनचे माजी महापौर रॉय हॉफाइन्झ यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे घुमटाकार क्रीडागार त्या काळी जगातले आठवे आश्चर्य म्हणून मिरवले जात होते. बेसबॉल गवतावरच खेळला जायचा, त्यामुळे छताला ल्युसाइट या पारदर्शक प्लॅस्टिकच्या हजारो तावदानांची जाळी केली आणि खाली गवत लावले. ते गवत होते टिफवे ४१९. चाळीस वर्षांनी ग्लेनडेलच्या ट्रेमध्ये लागलेली तीच जात. दिवसाच्या सामन्यात मात्र उंच उडालेला चेंडू झेलायला वर पाहिले की तावदाने आणि त्यांच्या चौकटी यांच्या चकाकीत चेंडू हरवायचा. खेळाडूंनी तक्रार केली, म्हणून तावदानांवर पांढुरका रंग फासला गेला. चेंडू दिसू लागला आणि गवत मेले. उरलेला हंगाम वाळलेल्या गवतावर आणि उघड्या मातीवर हिरवा रंग मारून उरकण्यात आला. पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, मॉन्सॅन्टो कंपनीने बनवलेले केमग्रास नावाचे नायलॉनचे गवत तिथे अंथरले गेले आणि या घुमटावरूनच त्याला ॲस्ट्रोटर्फ हे नाव मिळाले. माल पुरेसा तयार नसल्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला फक्त आतल्या चौकोनात नायलॉन होते आणि बाहेरच्या भागात तीच रंगवलेली माती होती. दोन डावांच्या मध्ये अंतराळवीरांसारखे पोशाख घातलेले कर्मचारी व्हॅक्युम क्लीनर घेऊन मैदान झाडायचे. कृत्रिम गवताचा जन्म काही ॲस्ट्रोडोममध्ये झाला नाही, पण त्याचे बारसे तिथेच झाले.

हरळीची मुळी ही चिवटपणाची उपमा म्हणून आपण सहज वापरतो. नांगर, विळा, दुष्काळ, पूर यांतून ती वाचते, मग एका रंगाच्या थराने ती कशी मेली? याचे उत्तर शेतकऱ्याला विचारावे. दाट आंब्याखाली हरळी धरत नाही; तिथली जमीन उघडी राहते किंवा दुसरेच काही उगवते. हरळी ही ऊस आणि ज्वारी यांच्यासारखीच भरपूर उन्हावर पोसणारी वनस्पती आहे आणि रखरखीत दुपारही तिला जास्त होत नाही. छताखाली प्रकाश कमी झाला की ती आधी पाने लांब आणि लुसलुशीत करून प्रकाश शोधू लागते, नवी फूट धरण्याचे थांबवते आणि साठवलेले अन्न खर्च करत जाते. वरून वारा नसल्यामुळे पानांवरचा ओलावा सुकत नाही आणि बुरशीला आयतेच रान मिळते. अशा गवतावर शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या खेळाडूंनी खिळ्यांचे बूट घालून झटापट केली तर उखडलेला तुकडा भरून येत नाही. दुखण्याचे मूळ पाण्यात किंवा खतात नाही, ते छतात आहे. म्हणूनच नुसती मशागत वाढवून ते बरे होत नाही.

ग्लेनडेलचे छत उघडते, तरीही वास्तुकार पीटर आयझेनमन आणि अभियंत्यांनी गवताला छताच्या भरवशावर ठेवले नाही, हे मला या रचनेतले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. छत उघडले तरी उंच प्रेक्षागारांची सावली दिवसाचा बराच भाग मैदानावर पडतच राहते. शिवाय फिनिक्सच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जात असताना छत उघडून वातानुकूलन चालवणे म्हणजे नुसता पैसा जाळणे. माणसांना सावली हवी आणि गवताला ऊन हवे, तर दोघांची घरे वेगळी करा आणि भेट फक्त सामन्यापुरती ठेवा, असा हा सरळ हिशेब आहे. आत उरलेल्या काँक्रीटवर वर्षभर प्रदर्शने, गाण्यांचे कार्यक्रम आणि बास्केटबॉलचे मोठे सामने होतात, त्यामुळे गवत बाहेर असताना इमारत रिकामी राहत नाही. ट्रेचा खर्च भरून काढण्याचा खरा मार्ग बहुधा तोच आहे.

कल्पना एकट्या ग्लेनडेलची नाही. नेदरलँड्समधील आर्नहेम येथे १९९८ मध्ये आणि जर्मनीतील गेल्सेनकिर्चेन येथे २००१ मध्ये सरकणारी मैदाने झाली होती, तर जपानमधील साप्पोरो येथे हवेच्या दाबाने मैदान किंचित उचलून सरकवण्याची व्यवस्था आहे. अमेरिकेत ह्यूस्टननेच २००२ मध्ये, जुन्या ॲस्ट्रोडोमच्या शेजारी उभारलेल्या नव्या स्टेडियममध्ये, गवताच्या चौकोनी पेट्या बाहेर वाढवून आत आणून जुळवण्याची पद्धत वापरली. पेट्या जुळवल्या की सांधे येतात, सांध्यात बूट अडकण्याची धास्ती येते. त्या तक्रारींनंतर २०१५ मध्ये तिथे कृत्रिम गवत आले. ग्लेनडेलचा ट्रे एकसंध असल्यामुळे ही भानगड मुळातच उद्भवत नाही. अनेक तुकड्यांच्या सोयीपेक्षा एका तुकड्याचा राक्षसी बोजा पत्करला, आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो.

सामन्याच्या दिवशी छत मिटलेले होते. आमची जागा खालच्या मजल्यावर, मैदानाच्या टोकाशी होती. तिथून दूरदर्शनवर कधीच न दिसणारी गोष्ट दिसते : एखादा खेळाडू पूर्ण वेगात पाय रोवून दिशा बदलतो तेव्हा त्याच्या बुटाखालून तळहाताएवढे ढेकूळ सुटते, पाय अर्धी वीत घसरतो आणि मग थांबतो. मध्यंतरात माणसे बादल्या घेऊन मैदानात उतरली आणि प्रत्येक खळग्यात मूठभर वाळू घालून पायाने दाबत गेली. छताखाली, गार हवेत, विजेच्या झोतात हे बागकाम चाललेले पाहणे काहीसे विचित्र आणि फार समाधान देणारे होते. गवताने दिलेली ती अर्ध्या वितीची सूटच महत्त्वाची आहे. कृत्रिम गवतात बूट रुतला की तो रुतलेलाच राहतो आणि शरीराचा झोक गुडघ्यावर किंवा घोट्यावर येतो, असे खेळाडूंचे म्हणणे आहे. तिथल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने २०२० मध्ये, २०१२ ते २०१८ या काळातील दुखापतींच्या नोंदींचा हवाला देऊन, कोणाशी टक्कर न होता पायाला होणाऱ्या दुखापतींचे प्रमाण कृत्रिम मैदानावर २८ टक्क्यांनी अधिक असल्याचे मांडले होते. यावर सामने भरवणारी लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात वाद आहेत. पण मैदानावर पाय रोवण्याचे काम ज्यांना करावे लागते त्यांचा कौल गवताकडे आहे, एवढे निश्चित.

आता दुसरी बाजू. मराठीत सध्या ‘टर्फ’ या शब्दाचा अर्थच उलटा झाला आहे. इंग्रजीत मुळात जो शब्द हिरवळीसाठी होता तो पुण्या-ठाण्यात तासाने भाड्याने मिळणाऱ्या, जाळ्यांनी वेढलेल्या प्लॅस्टिकच्या मैदानाचे नाव बनला आहे, “आठचा टर्फ मिळाला का?” असे विचारले तर कोणालाही गवत आठवत नाही. पुण्यात नोकरी करत असताना अशाच एका पत्र्याच्या छपराखालच्या टर्फवर आम्ही दर गुरुवारी रात्री बॉक्स क्रिकेट खेळत असू. एकदा झेल घेताना माझा कोपर घासला गेला आणि त्या जखमेची भाजल्यासारखी आग आठवडाभर राहिली. रबराचे काळे दाणे बुटांतून, मोज्यांतून आणि शेवटी घरातल्या गालिच्यातून निघत असत, आणि पावसाळ्यात जाळ्या बंद केल्या की त्या रबराचा वास छपराखाली कोंडून राहायचा. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर रोज सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत माणसे नाचवणाऱ्या त्या जागेत खरे गवत पंधरा दिवसही टिकले नसते.

यातून एक गोष्ट मात्र उघड होते आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. कृत्रिम गवताचा सर्वांत मोठा दोष म्हणजे उन्हात ते तापते, इतके की भर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. छताखाली हा दोष नाहीसा होतो. पाऊस नाही, चिखल नाही, ऊन नाही. म्हणजे जिथे खऱ्या गवताची सर्व बाजूंनी कोंडी होते तिथेच खोट्या गवताची स्थिती सर्वांत चांगली असते. म्हणून छत असलेल्या स्टेडियमच्या मालकाने प्लॅस्टिक निवडले तर त्याला मी आळशी म्हणणार नाही. आठ-दहा वर्षांनी ते सगळे उखडून टाकावे लागते आणि त्या कचऱ्याचे काय करायचे हा प्रश्न उरतो, हे खरे. पण दर आठवड्याला काहीतरी भरवायचे असेल तर हिशेब त्याच्या बाजूने जातो. लास व्हेगसच्या अलीजंट स्टेडियममध्ये तर २०२० पासून दोन्ही नांदतात : रेडर्स हा व्यावसायिक संघ ग्लेनडेलसारख्याच सरकत्या ट्रेवरच्या गवतावर खेळतो आणि तिथल्या विद्यापीठाचा संघ त्याच इमारतीत काँक्रीटवर अंथरलेल्या कृत्रिम गवतावर खेळतो. कोणाच्या गुडघ्यांची किंमत किती, याचे इतके स्पष्ट दरपत्रक दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

ग्लेनडेलचे उत्तर निर्दोष आहे असे म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा साऱ्या जगाने पाहिला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथे सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना, झाला. त्यासाठी ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाने विकसित केलेली ताहोमा ३१ ही हरळीची नवी जात मुद्दाम वाढवून ट्रेमध्ये घातली होती. सामना सुरू झाला आणि दोन्ही संघांचे खेळाडू ठिकठिकाणी घसरू लागले. काहींनी मध्येच बूट बदलले. पहिल्या सुपर बोलपासून प्रत्येक सुपर बोलच्या मैदानावर राबलेले, तेव्हा ९४ वर्षांचे असलेले जॉर्ज टोमा यांनी नंतर उघडपणे सांगितले की मैदानाला भरपूर पाणी देऊन ते लगेच आत नेले गेले आणि त्यानंतर त्याला ऊन दिसलेच नाही. त्यांचे निदान बरोबर असेल, तर कोट्यवधींची यंत्रणा जिच्यासाठी उभारली त्या उन्हाचाच उपयोग मोक्याच्या आठवड्यात केला गेला नाही. द्राक्षबागेला पाणी केव्हा तोडायचे हे न कळणाऱ्या माणसाने कितीही महागडे ठिबक आणून बसवले तरी तो माल गमावतो, हे अण्णांचे त्यावरचे मत.

त्याखेरीज ऋतूची एक अडचण आहे. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत चालतो आणि हरळी नेमकी थंडीत सुप्त होऊन पिवळी पडते. म्हणून शरद ऋतूत तिच्यावर राय नावाच्या थंडीतल्या गवताचे बी फेकून हिरवेपणा राखला जातो. हंगामाच्या उत्तरार्धात प्रेक्षकाला दिसणारा गडद हिरवा रंग बऱ्याच अंशी रायचा असतो आणि हरळी खाली पाया धरून झोपलेली असते. राय दिसायला देखणे, पण हरळीइतके बळकट नाही.

याच प्रश्नाला न्यूझीलंडमधील डनीडनने दिलेले उत्तर मला कागदावर तरी अधिक मोहक वाटते. तिथल्या २०११ मध्ये उघडलेल्या फोर्सिथ बार स्टेडियमचे छत कायमचे बंद आहे, पण ते ईटीएफई या अतिशय पारदर्शक प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे असल्यामुळे खालचे गवत जागच्या जागी वाढते. रूळ नाहीत, चाके नाहीत. मात्र ते थंड प्रदेशातले शहर आहे आणि तिथे वाढणाऱ्या गवताची भूक हरळीएवढी नसते. फिनिक्समध्ये तसे पारदर्शक छत घातले तर खाली काचघर तयार होईल आणि साठ हजार माणसे त्यात शिजतील. व्हेगसचे छतही प्रकाश आत घेणारे आहे, तरी तिथल्या गवताला बाहेर जावेच लागते, हे पाहिले की ग्लेनडेलच्या रुळांची गरज पटते.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेचार देते. अर्धा गुण सुपर बोलच्या त्या आठवड्यासाठी कापला आहे. केवळ खेळाची हौस असलेल्यांनी सामन्याचे तिकीट घ्यावे आणि जमले तर खालच्या मजल्यावर टोकाकडची जागा निवडावी, कारण मातीचे ढेकूळ उडताना तिथूनच दिसते. शेती, स्थापत्य किंवा यंत्रे यांत रस असलेल्यांनी मात्र सामना नसलेल्या दिवशीची सहल घ्यावी. त्या दिवशी ट्रे बाहेर असेल की आत, हे आधी विचारून ठेवावे आणि शक्यतो बाहेर असतानाच जावे. आतली मोकळी फरशी आणि बाहेरचे मैदान एकाच दिवशी पाहिल्याशिवाय या वास्तूची गंमत पूर्ण कळत नाही. मे ते सप्टेंबर या काळात सकाळची वेळ गाठावी, टोपी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी, आणि कुंपणाशी निदान दहा मिनिटे थांबता येईल अशा बेताने निघावे. आम्ही अर्धा तास थांबलो होतो. अण्णांना निचऱ्याचे पाणी कुठे जाते ते पाहायचे होते.